टाकीबाहेर पडलेला मासा: पहिली दहा मिनिटे आणि पुढचे दहा दिवस

रात्री मोजले तेव्हा टाकीत सात मासे होते, सकाळी सहाच दिसतात, आणि सातवा टाकीच्या स्टँडमागे, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात धूळ माखून पडलेला सापडतो. घरी मासे पाळणाऱ्या बहुतेकांवर हा प्रसंग कधी ना कधी येतो. अशा वेळी काही जण मासा मेलाच असे समजून त्याला कागदात गुंडाळतात, तर काही जण घाईने उचलून पाण्यात टाकतात आणि तो पोहू लागला की संकट टळले असे मानतात. पहिल्या चुकीत अजून जिवंत असलेला मासा जातो. दुसऱ्या चुकीत तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो, आणि तोपर्यंत उडीचा प्रसंग विसरला गेल्यामुळे दोष पाण्याला, खाद्याला किंवा दुकानदाराला दिला जातो.

पाण्याबाहेर पडलेल्या माशाला एक नव्हे, तीन निरनिराळ्या इजा होतात, आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळ्या वेळी दिसतो. श्वास कोंडण्याचा निकाल काही मिनिटांतच लागतो. तडफडल्यामुळे अंगात साचलेले आम्ल उतरायला अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्वचेवरचा बुळबुळीत थर खरवडला गेला असेल, तर त्याची किंमत पुढचा आठवडाभर मोजावी लागते. म्हणून मासा पाण्यात परत गेल्यानंतरची काळजी ही त्याला उचलण्याइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे.

आधी श्वासाचे पाहू, कारण त्यात एक कोडे आहे. २७ अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे फरशीवर पडलेला मासा पाण्यापेक्षा तीसपटीहून अधिक ऑक्सिजनात असतो आणि तरीही गुदमरतो. याचे कारण कल्ल्यांच्या रचनेत आहे. कल्ल्यांच्या प्रत्येक कमानीवर तंतूंच्या रांगा असतात आणि प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ पापुद्रे असतात. या पापुद्र्यांतून रक्त वाहते, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी वाहते, आणि ऑक्सिजनची व कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण तिथेच होते. हे पापुद्रे एकमेकांपासून वेगळे राहतात ते केवळ पाण्याच्या आधाराने. ओढ्यातले शेवाळ पाण्यात छान पसरलेले दिसते, पण हातात उचलले की त्याची एक ओली दोरी होते; कल्ल्यांचे नेमके असेच होते. पापुद्रे एकमेकांना चिकटतात, हवेला टेकणारा पृष्ठभाग अगदी थोडा उरतो, आणि ऑक्सिजन आत जाणे तर थांबतेच, शिवाय कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणेही थांबते. रक्त आम्लधर्मी होऊ लागते. कल्ले वाळले की ही इजा तात्पुरती राहत नाही.

सगळ्या माशांना हे सारखेच लागू होत नाही. फायटर आणि गोरामी यांच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, घड्यांघड्यांचे एक खास इंद्रिय असते. ते हाडाच्या पातळ पत्र्यांवर तोललेले असल्यामुळे हवेत कोलमडत नाही, आणि हे मासे एरवीही पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतच असतात. आपल्या तळ्यांतली मरळ याच प्रकारे हवेत तग धरते. कोकणातल्या खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेते. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवर, खारफुटीत राहणारा मँग्रोव्ह रिव्ह्युलस नावाचा लहानसा मासा तर ओलसर ओंडक्यांत कित्येक आठवडे काढतो. मात्र दुकानात सिल्व्हर शार्क म्हणून मिळणाऱ्या माशाला (हा शार्क नव्हे, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळाचा नातलग आहे), तसेच टेट्रा, एंजल किंवा गोल्डफिश यांना अशी कोणतीही सोय नाही. एकाच फरशीवर तेवढाच वेळ पडलेला फायटर शांतपणे कल्ले हलवत असेल आणि सिल्व्हर शार्क संपलेला असेल, असे सहज घडते.

मासा पाण्याबाहेर नेमकी किती मिनिटे जगतो, या प्रश्नाला म्हणूनच एक आकडा देता येत नाही. भर पावसाळ्यात ओलसर फरशीवर पडलेला मासा आणि मे महिन्यात पंख्याखाली गालिच्यावर पडलेला मासा यांच्यात मोठा फरक आहे. लहान मासा लवकर वाळतो. व्यवहारात एकच नियम पाळावा: कल्ल्यावरचे झाकण ओले आणि मऊ असेल, डोळे खोल गेलेले नसतील आणि अंग काडीसारखे ताठ झालेले नसेल, तर प्रयत्न करावा.

उचलताना आधी आपले हात टाकीच्याच पाण्यात बुडवून ओले करावेत. कोरडा हात किंवा टिश्यू पेपर लावला की उरलासुरला बुळबुळीत थरही त्याबरोबर निघून येतो. मासा फरशीला चिकटला असेल तर त्याला सोलून काढल्यासारखे ओढू नये; टाकीतले कपभर पाणी त्याच्यावर हळूच ओतावे, चार-पाच क्षण थांबावे, मग तळहात खाली सरकवून उचलावे. अंगाला धूळ, केस किंवा गालिच्याचे धागे चिकटलेले असतात. ते बोटांनी पुसण्याचा मोह होतो, पण ते पाण्यात आपोआप सुटतात. मुंग्या लागल्या असतील, आणि आपल्याकडच्या घरांत त्या आश्चर्यकारक वेगाने लागतात, तर टाकीच्या पाण्याच्या मगात माशाला हलकेच हलवून त्या काढाव्यात. नळाखाली मात्र मासा कधीही धरू नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे भाजतो, आणि हेच पापुद्रे या घटकेला आधीच अर्धमेले झालेले असतात.

मासा कुठे सोडावा याविषयी मतभेद आहेत. माझे मत असे की टाकीचे पाणी चांगले असल्याची खात्री असेल तर त्याला त्याच्या स्वतःच्याच टाकीत परत न्यावे, पण मोकळे सोडू नये. साबण न लागलेली प्लॅस्टिकची चाळणी किंवा पिल्लांसाठी मिळणारी जाळीची पेटी टाकीच्या काठाला अडकवून त्यात त्याला ठेवले, की पाणी तेच राहते, तापमान तेच राहते आणि इतर मासे त्याला टोचत नाहीत. जखमी मासा दिसला की एरवी गरीब वाटणारे बार्बही त्याचे पर कुरतडतात. घाईघाईने नवी बादली भरून तयार केलेला ‘दवाखाना’ बऱ्याचदा टाकीपेक्षा वाईट ठरतो, कारण त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात आणि दुसऱ्याच दिवशी माशाच्या स्वतःच्या उत्सर्गाने पाणी विषारी होते. टाकीचे पाणी बिघडल्यामुळेच माशाने उडी मारली असा संशय असेल तेव्हा मात्र वेगळे पाणी हवे. तेही टाकीइतक्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले असावे.

पाण्यात गेल्यावर मासा एका कुशीवर पडला आणि कल्ले क्षीण हलत असले, तर त्याला थोडा हात द्यावा लागतो. माशाच्या श्वसनात पाणी एकाच दिशेने वाहते: तोंडातून आत आणि कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर. म्हणून त्याला दोन बोटांत हलकेच उभे धरून त्याचे तोंड फिल्टरच्या सौम्य प्रवाहाकडे करावे, म्हणजे कल्ल्यांवरून पाणी आपसूक वाहते आणि चिकटलेले पापुद्रे सुटतात. मासा पुढे-मागे, पुढे-मागे करत पाण्यात घुसळण्याची जी पद्धत प्रचलित आहे, तिच्यात मागे नेताना पाणी उलट दिशेने शिरते. त्यापेक्षा स्थिर धरणे बरे. हवेचा पंप पूर्ण सोडावा. बुडबुडे स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत, ते पाणी ढवळतात आणि ऑक्सिजन मुख्यत: वरच्या हलत्या पृष्ठभागातून विरघळतो. त्यामुळे फिल्टरच्या तोंडाने पृष्ठभाग खळबळत राहील असे पाहिले तरी काम होते.

तो जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची एक चांगली खूण मत्स्यशास्त्रज्ञ वापरतात. माशाला त्याच्या लांबीच्या अक्षावर अलगद एका बाजूला कलवले, तर जिवंत माशाचा डोळा खोबणीत उलट फिरून आपली पातळी राखण्याचा प्रयत्न करतो. डोळा शरीराबरोबर निर्जीवपणे फिरला, कल्ले हलत नसले आणि शेपटी चिमटीत धरल्यावर काहीच प्रतिक्रिया आली नाही, तर आशा फार थोडी असते. तरीही प्रवाहासमोर अर्धा तास धरून पाहण्यात माशाचे काहीच नुकसान नाही.

समजा, पंधरा मिनिटांत मासा सरळ झाला आणि पोहू लागला. इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात, आणि दुसरी इजा नेमकी इथेच लपलेली असते. बांगडा कापताना त्याच्या कुशीलगत गडद तांबूस पट्टा दिसतो आणि बाकीचे मांस फिकट असते, हे आपल्याकडे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तांबूस स्नायू दिवसभराच्या संथ पोहण्यासाठी असतात आणि ते ऑक्सिजनवर चालतात. फिकट स्नायू क्षणिक झेपेसाठी असतात, ते ऑक्सिजनवाचून साखर वापरतात आणि मागे लॅक्टिक आम्ल ठेवतात. उडी मारणे आणि फरशीवर फडफडणे हे सगळे या फिकट स्नायूंचे काम आहे. धावून दमलेल्या माणसाच्या रक्तातले हे आम्ल साधारण तासाभरात बरेचसे ओसरते. ट्राउटसारख्या माशांवर झालेल्या प्रयोगांत त्याला ८ ते १२ तास, कधी त्याहूनही अधिक लागल्याचे दिसले आहे.

याविषयीचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. कॅनडातील फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउट माशांना पाण्यातच पूर्ण थकेपर्यंत पळवले आणि मग काहींना हवेत धरले. नुसते थकवलेल्या माशांपैकी १२ तासांनंतर ८८ टक्के जिवंत होते. थकवल्यानंतर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के उरले, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी अवघे २८ टक्के. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असल्यामुळे हे आकडे आपल्या टाकीतल्या माशाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण थकवा आणि हवा एकत्र आले की इजा कितीतरी वाढते, आणि मृत्यू पाण्यात परत गेल्यानंतरच्या तासांतही येतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

म्हणून पहिले २४ तास माशाला काहीही करायला लावू नये. टाकीचा दिवा बंद ठेवावा, समोर पातळ कापड सोडावे, मुलांना काचेवर टकटक करू देऊ नये. खाद्य टाकू नये. पचनालाही ऑक्सिजन लागतो, आणि दमलेल्या माशाकडे तो शिल्लक नसतो. एक दिवस उपाशी राहून कोणताही प्रौढ निरोगी मासा मरत नाही. पाणी गरम करून त्याला ‘ऊब’ देण्याचा विचार तर पूर्णपणे सोडावा, कारण तापमान वाढले की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. ज्या भागात रात्री वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप या एका रात्रीपुरता तरी जवळ असावा.

तिसरी इजा त्वचेची. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याची रोगप्रतिकारक तटबंदी असते, आणि तो पाण्याचा लोंढा अडवणारा बांधही असतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा बरेच खारट असते. मनुका पाण्यात टाकल्या की पाणी आत शिरून त्या फुगतात, तसेच पाणी माशाच्या अंगात सतत शिरू पाहते आणि क्षार बाहेर निसटू पाहतात. निरोगी मासा भरपूर पातळ मूत्र टाकून आणि कल्ल्यांतून क्षार पुन्हा ओढून घेऊन हा तोल सांभाळतो. खवले उडाले, थर पुसला गेला, की बांधाला भगदाड पडते. शिवाय भेदरलेल्या माशाच्या कल्ल्यांत रक्तपुरवठा वाढतो. त्याने ऑक्सिजन अधिक मिळतो खरा, पण त्याच वाटेने पाणीही अधिक शिरते. श्वास हवा असेल तर क्षार गमावा, असा हा नाइलाजाचा सौदा असतो.

हा सौदा हलका करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मीठ. पाण्यात थोडे मीठ असले की आतल्या-बाहेरच्या क्षारांतले अंतर घटते आणि माशाचे श्रम वाचतात. दर लिटरला १ ग्रॅम ही सौम्य मात्रा आहे. कणखर माशांना ती हळूहळू ३ ग्रॅमपर्यंत नेता येते. आपल्याकडची नेहमीची दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घेतली, तर ६० गुणिले ३० गुणिले ३० भागिले १००० म्हणजे ५४ लिटर होतात. तळाची रेती आणि वरची मोकळी जागा वजा केल्यास प्रत्यक्ष पाणी सुमारे ४५ लिटर भरते, म्हणजे सौम्य मात्रेसाठी ४५ ग्रॅम मीठ लागेल. साधे खडे मीठ टाकीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, तीन-चार तासांत थोडे थोडे करून ओतावे. खडे थेट टाकू नयेत. मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही, ते पाणी बदलले तरच कमी होते, हे विसरून रोज पुन्हा मीठ घालणारे लोक मी पाहिले आहेत. टाकीत वनस्पती असतील किंवा कोरिडोरससारखे अंगावर साधे खवले नसलेले मासे असतील, तर मिठाचे प्रमाण कमीच ठेवावे, किंवा जखमी माशाला वेगळ्या पाण्यात ठेवून फक्त तिथेच मीठ वापरावे.

मिथिलीन ब्लू, म्हणजे दुकानातले ते ‘निळे औषध’, बहुतेकांच्या कपाटात असते आणि म्हणून ते सर्वांत आधी ओतले जाते. बुरशी रोखण्यात त्याचा उपयोग आहे, पण ते मुख्य टाकीत घातल्यास फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात, आणि मग दुबळ्या माशावर अमोनियाचे नवे संकट येते. अँटिबायोटिक तर लागण दिसण्याआधी वापरूच नये. बुळबुळीत थर नीट असलेला मासा निर्मळ पाण्यात स्वतःची त्वचा आश्चर्यकारक लवकर भरून काढतो. त्याला हवे असते ते स्वच्छ पाणी. दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक पंचमांश पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि समान तापमानाचे असावे, आणि काढलेल्या पाण्याबरोबर गेलेले मीठ त्याच प्रमाणात पुन्हा घालावे.

पुढच्या दिवसांत काय नेहमीचे आणि काय धोक्याचे, हे माहीत असले की अनावश्यक धावपळ टळते. पहिल्या दिवशी रंग फिका पडणे, कोपऱ्यात तळाशी बसून राहणे, परांच्या कडा किंचित फाटलेल्या दिसणे हे स्वाभाविक आहे. ज्या बाजूवर मासा पडला त्या बाजूचा डोळा दुधाळ दिसू शकतो. ती बहुधा बुबुळावरची खरचट असते आणि स्वच्छ पाण्यात ती निवळते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर ती सॅप्रोलेग्निया नावाची बुरशी समजावी. आता मासा वेगळा काढून निळे औषध वापरण्याची वेळ आली. पांढुरका, खोगिरासारखा पट्टा पाठीवर पसरत असेल, परांच्या मुळाशी लाल रेघा उमटत असतील किंवा पर झपाट्याने झडत असतील, तर लागण जिवाणूंची असू शकते, आणि तिथे मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पोट फुगून खवले पाइनच्या शंकूसारखे उभे राहिले तर पाण्याचा तोल सांभाळणारी यंत्रणा कोलमडली असे समजावे; या अवस्थेतून फार थोडे मासे परततात. उंचावरून पडल्याने वाताशय (तरंगताना तोल राखणारी पोटातली हवेची पिशवी) किंवा पाठीचा कणा दुखावलेला मासा तिरका किंवा उलटा तरंगतो. दोन-तीन दिवसांत तो सावरत गेला तर ठीक, अन्यथा त्याच्या वेदना लांबवण्यात अर्थ नसतो.

मासा सावरला तरी त्याने उडी का मारली, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी शोधावे. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाच्या दोन प्रचंड चेतापेशी असतात; लुडविग माउथनर यांनी त्यांचे वर्णन १८५९ मध्ये केले. अचानक धक्का बसला की या पेशी सेकंदाच्या काही शतांश भागांतच संपूर्ण शरीर इंग्रजी सी अक्षरासारखे वाकवतात आणि मासा झेपावतो. मध्यरात्री खोलीतला दिवा एकदम लावला, दार आपटले, तर निर्णय घेण्याआधीच मासा हवेत असतो. अरोवाना ॲमेझॉनच्या काठावरच्या फांद्यांवरील किडे उडी मारूनच पकडते, त्यामुळे तिचे उडणे हा दोषच नव्हे. पण एरवी शांत असलेला मासा उडाला असेल तर आधी पाण्यातला अमोनिया आणि त्यापासून बनणारे विषारी नायट्राइट तपासावे. दाट वनस्पती असलेल्या टाकीत रात्रभर पंप बंद राहिला, तर पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी झालेला असतो, कारण अंधारात वनस्पतीही तो वापरतात. नव्याने आणलेले मासे पहिल्या दोन-तीन रात्रींत उडण्याची शक्यता सर्वाधिक असते. सिल्व्हर शार्क दुकानात बोटाएवढा मिळतो आणि पुढे फूटभर वाढू शकतो. दोन फुटी टाकीत तो उडणारच.

झाकणाबद्दल थोडेच सांगायचे आहे, कारण बाकी सगळ्यापेक्षा ते सोपे आहे. काच, ॲक्रिलिक किंवा चौकटीवर ताणलेली मच्छरदाणीची जाळी, काहीही चालेल. फायटरसारख्या हवा घेणाऱ्या माशांसाठी पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन इंच जागा सोडावी. मासे झाकणाच्या मधोमध डोके आपटून परत फिरतात आणि निसटतात ते फिल्टरच्या नळीसाठी व हीटरच्या वायरीसाठी ठेवलेल्या मागच्या खाचेतून. तिथे स्पंजचा तुकडा कापून बसवावा, आणि टाकी साफ केल्यावर तो पुन्हा लावला की नाही, हे झोपण्यापूर्वी हात फिरवून पाहावे.